कार्ल्याचे दाते आणि समुद्रावरील दिवस

मळवली स्थानकाच्या उत्तरेस असलेल्या कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांची दानलेखांतील नावे आजही वाचता येतात. त्याच गावचा सामी हा सुतार, सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हेही या लेण्याचे दाते होत. आपला व्यवसाय 'नाविक' असा सांगणारा दाता मात्र या नामावळीत दिसत नाही. बोरघाट उतरून कल्याण-सोपाऱ्यास जाणारा माल ज्यांनी समुद्रापार नेला, त्यांचा दिनक्रम कसा होता? बंदरे, नाणी आणि मद्यकुंभ यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मानाने जहाजावरील दिवस उपेक्षितच राहिला.

इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथानुसार ईजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या ओकेलिसपासून मुझिरिसपर्यंत ४० दिवस लागत, असे प्लिनी सांगतो. हे दिवस ऐन नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे. कोकणातील कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवासाची कठोरता ध्यानात येते. परतीसाठी ईशान्य वाऱ्यांची, म्हणजे डिसेंबरच्या आसपासची, वाट पाहावी लागे. नाविकाच्या वर्षातील मोठा भाग अशा रीतीने केवळ प्रतीक्षेत जाई. या मुक्कामातच यवनांनी कार्ल्यास दाने दिली, असा तर्क मोहक असला तरी तो मान्य करणे कठीण आहे. 'सिहधय' यासारखी त्यांची नावे येथे स्थायिक झालेल्यांची वाटतात.

खाण्यापिण्याविषयी ग्रंथांपेक्षा उत्खनन अधिक बोलके आहे. ईजिप्तमधील बेरेनिके बंदरात १९९४ पासून झालेल्या उत्खननांत सुमारे साडेसात किलो काळी मिरी असलेला भारतीय रांजण सापडला. मिरी हा व्यापाराचा माल होय. परंतु तेथेच मिळालेले तांदूळ, मूग, नारळ आणि भारतीय बनावटीची स्वयंपाकाची भांडी यांचा संबंध नाविकांच्या शिध्याशी जोडता येतो. मूग-भाताची ही शिदोरी कोणाही मावळवासीयास परकी वाटू नये. शिडांचे तुकडेही मिळाले आहेत. ते भारतीय सुताचे असून त्यांवर मजबुतीसाठी पट्ट्या शिवलेल्या आहेत. भूमध्य सागरात शिडे प्रायः तागाची असत. वाऱ्याने फाटणारे शीड शिवणे हे रोजचेच काम असले पाहिजे. पाण्याविषयी अनुमानच करावे लागते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील जहाजावर कुंभांची रांग रंगवलेली आहे. त्यांत पाणी असावे.

दीघनिकायातील केवट्टसुत्तात भूमी शोधण्यासाठी सोडलेल्या पक्ष्याचा दृष्टान्त येतो. चाच्यांच्या भयाने जहाजांवर धनुर्धरांच्या तुकड्या असत, ही प्लिनीची नोंदही महत्त्वाची आहे. मर्यादित फलाटावर खलाशांबरोबर सशस्त्र माणसांचीही दाटी होती.

या माणसांची नावे अखेर सापडली ती सोकोत्रा बेटावरील होक गुहेत. २००१ च्या सुमारास बेल्जियन गुहाशोधकांना तेथे भिंतींवर व शिलांवर भारतीय लेख आढळले. त्यांतील बहुसंख्य ब्राह्मी लिपीतील आहेत. भरुकच्छ आणि हस्तकवप्र येथून आलेल्यांनी कोळसा, खडू व चिखल यांनी आपली नावे लिहिली आहेत. जवळच जहाजांची चित्रेही काढलेली आहेत.