केआरएएस जनुक

केआरएएस (उच्चार : के-रास) : पेशीबाहेरून आलेला वाढीचा संदेश पेशीच्या आत पोहोचविणाऱ्या एका प्रथिनाचे मानवी जनुक. ते बाराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर १२पी१२.१ या ठिकाणी असून सुमारे ४६ हजार बेसजोड्यांएवढे लांब आहे. एचआरएएस आणि एनआरएएस ही याच कुलातील आणखी दोन जनुके. तिघांपैकी कर्करोगात सर्वाधिक वेळा बिघडलेले आढळते ते केआरएएस. निरोगी शरीरालाही त्याची गरज असते. हे जनुक काढून टाकलेले उंदरांचे भ्रूण गर्भातच मरतात. एचआरएएस व एनआरएएस दोन्ही नसलेले उंदीर मात्र जन्मतात आणि वाढतात.

इतिहास : शिकागो विद्यापीठातील वर्नर कर्स्टन यांनी १९६७ मध्ये रॅटमध्ये सार्कोमा, म्हणजे संयोजी ऊतींचा कर्करोग, निर्माण करणारा विषाणू वेगळा केला. ‘कर्स्टन रॅट सार्कोमा’ या त्याच्या नावावरून जनुकाला केआरएएस हे नाव मिळाले. कर्करोग घडवून आणणारे जनुक विषाणूचे मूळचे नव्हते. त्याने ते रॅटच्या पेशींतून उचललेले होते. माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतही त्याच जनुकाचे बिघडलेले रूप असल्याचे १९८२ मध्ये दिसून आले.

रचना व कार्य : या जनुकापासून १८८ किंवा १८९ ॲमिनो अम्लांची, थोडा फरक असलेली दोन प्रथिने तयार होतात. प्रथिनाच्या शेपटाला मेदासारखी एक साखळी जोडली जाते आणि तिच्या आधाराने ते पेशीपटलाला आतल्या बाजूने चिकटून राहते. जीडीपी हा रेणू धरलेला असताना प्रथिन बंद असते व जीटीपी धरल्यावर चालू होते. म्हणजे ते दिव्याच्या बटणासारखे काम करते. वाढीचा घटक पेशीपटलावरील ईजीएफआरसारख्या ग्राहीला येऊन मिळाला, की एसओएस हे प्रथिन केआरएएसकडील जीडीपी सोडवते आणि त्याची जागा जीटीपी घेतो. चालू झालेले केआरएएस संदेश पुढे देते. राफ, मेक आणि अर्क या विकरांच्या साखळीतून तो पेशीकेंद्रापर्यंत जातो व पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. पीआय३के या विकरामार्फत दुसरी वाट फुटते; ती पेशीची वाढ व तग धरण्याची क्षमता राखते.

बटण बंद करण्यासाठी जीटीपीचे विघटन व्हावे लागते. केआरएएसची स्वतःची ही क्षमता फार मंद असते. न्यूरोफायब्रोमिनसारखी साहाय्यक प्रथिने आपले एक आर्जिनीन त्याच्या क्रियास्थानात खुपसून विघटनाचा वेग अनेक पटींनी वाढवतात.

उत्परिवर्तने : कर्करोगातील बहुतेक बदल १२, १३ आणि ६१ या क्रमांकांच्या ॲमिनो अम्लांत होतात. बाराव्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल असते. तेथे दुसरे कोणतेही मोठे अम्ल आले, की आर्जिनीनला आत शिरायला वाव उरत नाही. परिणामी बटण चालूच राहते आणि बाहेरून संदेश नसतानाही पेशी विभागत राहते. यासाठी डीएनएतील एक अक्षर बदलणे पुरते. ग्लायसीनचा संकेत जीजीटी असतो. तो जीएटी झाल्यास ॲस्पार्टिक अम्ल (जी१२डी), जीटीटी झाल्यास व्हॅलीन (जी१२व्ही) आणि टीजीटी झाल्यास सिस्टीन (जी१२सी) येते. तंबाखूच्या धुरातील रसायनांमुळे जी या अक्षराच्या जागी टी येण्याकडे कल असतो. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात जी१२सी विशेष आढळतो.

स्वादुपिंडाच्या नलिकांच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के आणि मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगांपैकी सुमारे ४० टक्के गाठींत केआरएएस बदललेले असते. पाश्चात्त्य देशांत फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमापैकी साधारण पाव हिस्सा गाठींत ते तसे आढळते. पूर्व आशियात हे प्रमाण बरेच कमी आहे. हे बदल आयुष्यात एखाद्या पेशीत घडतात, ते वारशाने येत नाहीत. याउलट जन्मतःच सर्व पेशींत असणारे केआरएएसचे सौम्य बदल नूनन सिंड्रोमसारख्या विकारांना कारणीभूत होतात. त्यांत हृदयदोष, कमी उंची आणि चेहऱ्याची वेगळी ठेवण दिसते.

उपचार : केआरएएसवर औषध सापडणे अशक्य, असे जवळपास ३० वर्षे मानले जात होते. ते जीटीपीला इतके घट्ट धरते, की त्याची जागा दुसऱ्या रेणूला घेता येत नाही आणि औषधाने घर करावे अशी खोलगट जागाही त्याच्या पृष्ठभागावर दिसत नव्हती. शेपटाला साखळी जोडणारा विकर रोखण्याचा प्रयत्नही फसला, कारण पेशी दुसऱ्या विकराकडून वेगळी साखळी जोडून घेत असे. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील केव्हन शोकॅट यांच्या गटाने जी१२सीमधील सिस्टीनशी कायमचा बंध जोडणारे रेणू शोधले. या रेणूंमुळे प्रथिनात पूर्वी न दिसलेली एक खोबण उघडते आणि ते बंद अवस्थेत अडकून पडते. याच तत्त्वावरील सोटोरासिबला २०२१ मध्ये आणि अडाग्रासिबला २०२२ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. काही काळाने गाठी या औषधांना दाद देईनाशा होतात, ही त्यांची मुख्य मर्यादा.

निदान : आतड्याच्या कर्करोगात सेटुक्सिमॅबसारखी प्रतिपिंडे ईजीएफआर ग्राही अडवतात. त्याच्या पुढचे केआरएएसच चालू राहिलेले असेल, तर ग्राही अडवून फायदा होत नाही, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाले. तेव्हापासून अशा उपचारांपूर्वी गाठीची जनुकीय तपासणी आवश्यक मानली जाते. सोटोरासिब व अडाग्रासिब फक्त जी१२सी असलेल्या गाठींवर चालतात. त्यामुळे ‘केआरएएस बदललेले’ एवढा शेरा आता पुरेसा ठरत नाही. नेमके कोणते अम्ल कोणत्या जागी बदलले, हे अहवालात नमूद असावे लागते.