कातड्याच्या वाद्यांत मावलेलं जव्हार

पालघरहून मनोर, विक्रमगड करत घाट चढला की जव्हार लागतं. इथे दोन राजवाडे आहेत: गावातला जुना आणि टेकडीवरचा जयविलास. दोन्ही मुकणे घराण्याचे. या घराण्याची कुळकथा सुरू होते ती बैलाच्या एका कातड्यापासून.

जयबा मुकणे हे इगतपुरीकडच्या मुकण्याचे महादेव कोळी नाईक. पिंपरीच्या देवस्थानात पाच गोसाव्यांनी त्यांना जव्हारचा राजा होशील असा आशीर्वाद दिला, असं कथा सांगते. जयबा मुलूख मिळवायला निघाले. पेठ, धरमपूर, सुरत करत काठेवाडात गेले आणि सात वर्षांनी परतले. जव्हार तेव्हा वारली नाईकाकडे होतं. जयबांनी त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नाईकाने शब्द दिला. मग जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि सगळं ठाणंच वेढून घेतलं. नाईकाने दिलेला शब्द मोडला नाही. त्याला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख मिळाला. जव्हार जयबांचं झालं.

भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेजच्या राणी डिडोचीही अशीच कथा आहे. जव्हारच्या कथेत मात्र जमीन देणाऱ्याचा वारली समाज आजही त्याच डोंगरांत नागली पिकवतो.

जयबांचा मुलगा नेमशाह. त्याला दिल्लीच्या सुलतानाने राजा मानलं, ते 1343 साली; संस्थानाने तिथून आपला शक मोजला. 1664 साली सुरतेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचं जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी स्वागत केलं आणि महाराजांनी त्यांना शिरपेच दिला, ती जागा शिरपामाळ, असं जव्हारकर सांगतात. पुढे बिनसलं. जून 1672 मध्ये महाराजांच्या वतीने मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. तरीही घराणं टिकलं. विसाव्या शतकात यशवंतराव मुकण्यांच्या काळात जयविलास उभा राहिला आणि 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

राजघराण्याने आपल्या मुळाशी लढाई सांगितली नाही, युक्ती सांगितली. म्हणूनच ही भूमी आधी वारल्यांची होती, याची कबुली राजाच्याच कथेत टिकली. पण रूढ कथेत जयबांना नाव आहे, वारली नाईकाला नाही. जयविलास पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला राजांच्या नावांआधी त्या नाईकाने पाळलेला शब्द सांगितला पाहिजे. जव्हारच्या इतिहासातलं पहिलं दान त्याचं आहे.