माग घराचा, हात कोणाचा?



घरच्या वाय-फायवर परका माणूस शिरल्याचा संशय आला तर काय करावे, हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. माझ्याकडे हा प्रश्न आला तो भांडण म्हणून. आमच्या कुंभवलीत कारखान्यांतल्या कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. दोन-तीन खोल्या मिळून एक जोडणी घेतात आणि महिनाअखेर वर्गणी काढतात. अशाच एका रांगेतला कामगार माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, रात्री नेट चालत नाही. यादीत एक परका मोबाइल दिसतो. तो शेजारच्या बिहारी पोराचाच. दोन कानाखाली वाजवल्या की कबूल करील." मी म्हटले, "वाजवण्याआधी पुरावा दाखव." त्या यादीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी थोडे मागे जाऊ.

बिनतारी लहरीला भिंत कळत नाही, कुंपणही कळत नाही. त्यामुळे राज्यकर्त्यांना तिची धास्ती पहिल्यापासून होती. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरला. साध्या रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून लायसन घ्यावे लागे, हे येथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 'चले जाव'च्या काळात, २७ ऑगस्ट १९४२ पासून, मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ गुप्तपणे बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलीत राहिले आणि सरकारच्या शोधगाड्या लहरीचा माग काढीत राहिल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या खोलीतून लहर निघत होती, त्याच खोलीत ती सोडणारी माणसे होती. माग खोलीपर्यंत पोचला की माणूस सापडत असे.

पुढे काळ बदलला. १९९७ मध्ये वाय-फायची पहिली मानके ठरली. २००५ मध्ये आपल्या सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला. बिनतारी यंत्र आता घरोघर आले, पण त्याला कडी लावायची असते हे फारच थोड्यांना ठाऊक होते.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचे ई-पत्र पोचले होते. त्याचा माग निघाला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत. तेथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होता. त्याची कसून चौकशी झाली. जोडणी त्याची होती, पण पत्र दुसऱ्याचे होते. कोणीतरी बाहेरून त्याच्या वाय-फायचा उपयोग करून घेतला होता. मग २३ ऑगस्टला माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून तशीच पत्रे गेली. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी काही जणांना अटक केली. त्यांत पुण्याचा एक संगणक अभियंताही होता. म्हणजे १९४२ चा हिशेब २००८ मध्ये लागू पडेना. माग घरापर्यंत पोचला, पण हात घरातल्या माणसाचा नव्हता.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके उघडी वाय-फाय जाळी शोधत फिरू लागली. २३ फेब्रुवारीला दूरसंचार खात्याने सेवा देणाऱ्या कंपन्यांना बंदोबस्ताच्या सूचना काढल्या. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही मना आहे. तेव्हा संशय आला तर कायदा आपल्या बाजूचा आहे. तो हातात घेण्याची गरज नाही.

मग करावे काय? कारखान्याच्या गेटवर जे करतो तेच. राउटर हा गेट आणि त्यातली यादी हे मस्टर. प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा बिल्ला असतो. घरातली यंत्रे मोजावीत आणि एकेक बंद करून यादीतले कोणते नाव गळते ते पाहावे. मात्र बिल्ल्यावरही आंधळा विश्वास नको. २०१९-२० पासूनचे बरेचसे मोबाइल स्वतःचा खरा बिल्ला लपवून प्रत्येक जाळ्यावर निराळाच दाखवतात. त्यामुळे आपलाच मोबाइल आपल्याला परका दिसतो.

एवढे करूनही परका उरला, तर कुलूप बदलावे. वाय-फायचा लांब नवा पासवर्ड ठेवावा आणि राउटरचा स्वतःचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदलावा. कुलपाचा प्रकार 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' असावा. जुने 'वेप' कुलूप २००१ सालीच फुटले आहे. बटण दाबून जोडण्याची सोय बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढावे. आपल्या जोडणीवरून खरोखर गैरप्रकार झाला असे दिसले, तर यादीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आता त्या कामगाराची गोष्ट. त्याच्या खोलीत बसून आम्ही एकेक यंत्र बंद करीत गेलो. आधी त्याचा मोबाइल, मग टीव्ही. शेवटी त्याच्या बायकोचा मोबाइल बंद केला आणि तो 'परका' यादीतून नाहीसा झाला. नेट रात्री मंद होते, याचे कारणही साधे होते. पाळी सुटली की सारी रांग एकाच वेळी पाहायला बसते आणि शेजारशेजारचे राउटर एकाच वाटेवर गर्दी करतात.

बंधुभगिनींनो, संशयाची किंमत काय असते हे आपल्या पालघर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला. आमच्या खोलीतली गोष्ट त्यामानाने क्षुल्लक होती. पण दोन्हींची सुरुवात एकच होती. खात्री करण्याआधी हात उचलायची तयारी झालेली होती.

शेजारच्या त्या पोराला हे काहीच कळले नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन नेहमीसारखा पाळीवर गेला. तो कामगार गेटवर त्याच्याशेजारी उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "चल, चहा घेऊ."