गणपती, डोली आणि एव्हीआय

२००० ते २०१० या काळात शिरूर किंवा दौंडकडे झालेल्या एखाद्या लग्नाची सीडी लावून बघा. पहिली दोन मिनिटं ठरलेली. अंधारातून तेजाचा गोळा येतो, त्याचा गणपती होतो. कमळं उमलतात, पाकळ्या बरसतात, आणि चार भोई एक डोली घेऊन पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. मग 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' गरागरा फिरत येऊन जागेवर बसतात. आता आपल्यापैकी कोणी नवरीला डोलीतून जाताना पाहिलंय? पाठवणी होते ती सुमोतून. तरीही डोली असायचीच, कारण स्टुडिओवाल्याकडे डोलीची क्लिप होती!

आपण शहरात राहणारी मंडळी या प्रकाराला हसतो. मीही हसायचो. पण ती डोली त्या सीडीत पोचायची कशी, हे नीट समजून घेतलं की हसू जरा कमी होतं.

आधी दौंडचंच एक उदाहरण घेऊ. दौंड हे जंक्शन. १९१४ साली तिथून बारामतीला अडीच फुटी नॅरोगेज सुरू झाली, आणि मुख्य लाइन होती साडेपाच फुटी ब्रॉडगेज. म्हणजे बारामतीकडून आलेलं पोतं त्याच डब्यातून पुढे मुंबईला जाऊच शकायचं नाही. दौंडला माल उतरवायचा, दुसऱ्या डब्यात चढवायचा, मग गाडी पुढे. पुढे ती लाइन ब्रॉडगेज झाली आणि हा खटाटोप संपला. व्हिडिओ फॉरमॅट बदलणं म्हणजे हीच हमाली. माल तोच, डबा वेगळा. फक्त इथे पोतं फाटलं तर लगेच कळत नाही, थेट लग्नघरी टीव्हीवर कळतं.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हता. व्हीएचएसच्या जमान्यात दोन व्हीसीआर आणि मध्ये एक व्हिडिओ मिक्सर, एवढाच संसार. त्यावरून 'मिक्सिंग' हा शब्द आला आणि मिक्सर अडगळीत गेल्यावरही टिकला. कॉम्प्युटरवर सगळं होऊ लागलं तरी लोक विचारायचे, "मिक्सिंग झालं का हो?"

१९९५ मध्ये डीव्ही फॉरमॅट आला. पुढच्या काही वर्षांत मिनीडीव्ही कॅमेरे गावोगावच्या स्टुडिओंत पोचले आणि चित्रण केबलने सरळ कॉम्प्युटरमध्ये घेता येऊ लागलं. तासाला साधारण १३ जीबी. हार्डडिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जायची नाही, म्हणजे विसेक मिनिटांत खेळ खलास. साखरपुडा एका फाइलीत, हळद दुसरीत, आणि मंगलाष्टकं मध्येच तुटून तिसरीत.

आता क्लिपांकडे येऊ. ऍपलने क्विकटाइम आणलं डिसेंबर १९९१ मध्ये, त्याची फाइल एमओव्ही. मायक्रोसॉफ्टने वर्षभराने, नोव्हेंबर १९९२ मध्ये, एव्हीआय आणली. ग्राफिक्स करणारे लोक क्लिपा बनवायचे त्या बऱ्याचदा एमओव्हीत, आणि तालुक्याच्या स्टुडिओतला विंडोजवाला पीसी गोडीगुलाबीने खायचा ती एव्हीआय. झालं ना दौंड जंक्शन?

एमओव्ही हा नुसता डबा. आतला माल बांधायची रीत म्हणजे कोडेक. क्विकटाइममध्ये एका कोडेकचं नावच होतं 'ऍनिमेशन'. त्याची युक्ती सोपी आहे. एका ओळीत ३०० ठिपके सलग लाल असतील तर ३०० वेळा 'लाल' लिहायचं नाही, 'लाल, ३०० वेळा' एवढंच लिहायचं. खऱ्या चित्रणात शेजारचे दोन ठिपके क्वचितच अगदी सारखे असतात, त्यामुळे तिथे ही युक्ती फारशी चालत नाही. काढलेल्या चित्राला मात्र ती झकास लागू पडते, आणि एकही ठिपका बिघडत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा कोडेक लाल, हिरव्या, निळ्या रंगांबरोबर चौथी गोष्टही जपू शकायचा, पारदर्शकता. कुठला ठिपका किती आरपार दिसावा याचा हा वेगळा हिशेब, त्याला अल्फा चॅनेल म्हणतात. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी ही कल्पना काढली. हे दोघे पुढे पिक्सारचे संस्थापक झाले. थोडक्यात, आपल्या नवरीच्या डोक्यावर पडणाऱ्या पाकळ्यांचं घराणं बरंच मोठं आहे!

हा अल्फाच वाटेत सांडायचा. डीव्हीच्या एव्हीआयमध्ये त्याला जागाच नाही. एमओव्ही घेऊन साध्या एव्हीआयत बदलली की गणपती यायचा तो काळ्या चौकोनासकट. मग उपाय काय? एक, काळा रंगच आरपार करून टाका. पण मग नवरीचे केस जातात आणि उंदीरमामाचे डोळेही जातात. दोन, क्लिप हिरव्या पडद्यावर घ्या आणि हिरवा काढा. पण क्लिपमधली नवरी मराठी असेल तर तिचा हिरवा चुडा त्याबरोबर जाणार! म्हणून निळा बरा. तीन, क्लिपच्या सुट्या फ्रेम टार्गा फाइलींत काढा, त्यांत अल्फा शाबूत राहतो. पण दाब न दिलेली एक पाल फ्रेम म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १६ लाख ५८ हजार ८८० बाइट. सेकंदाला २५ फ्रेम. हिशेब केला तर ७०० एमबीच्या सीडीत जेमतेम १७ सेकंदांचा गणपती मावतो.

अल्फा वाचला तरी गणपतीच्या कडेने काळी रेघ दिसायची. कडेचे अर्धवट आरपार ठिपके बनवणाऱ्याने आधीच काळ्यात मिसळून ठेवलेले असायचे आणि सॉफ्टवेअरला ते माहीत नसायचं. सेटिंगमध्ये एक खूण बदलली की रेघ जायची. पण ती खूण कुठे आहे, हे सांगणारं मराठी पुस्तक काही हाताशी नव्हतं.

दुसरा घोळ वेगाचा. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेत जवळपास ३०. तिकडच्या हिशेबाने बनलेली क्लिप इकडे बसवायची तर साधी सॉफ्टवेअर दर सहावी फ्रेम टाकून द्यायची. फुलं पडताना हे खपून जातं. डोली एका संथ लयीत चालते, ती मात्र दर काही पावलांनी ठेचकाळते.

तिसरा घोळ फील्डचा. जुन्या टीव्हीवर एक फ्रेम दोन हप्त्यांत यायची, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. कुठल्या ओळी आधी, यावर एकमत नाही. डीव्हीत खालचं फील्ड आधी, दुसऱ्या अनेक यंत्रणांत वरचं. उलटसुलट झालं की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे नीट दिसतही नाही, त्यामुळे शहाणा माणूस शेजारी एक जुना टीव्ही जोडून ठेवायचा.

आणि एक घोळ कुठल्याच पुस्तकात नव्हता. मांडणीसाठी क्लिप आडवी उलटवली की गणपतीची सोंड डावीची उजवी होते. शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती, आणि दौंडहून भीमेपलीकडे सिद्धटेक, अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं वेगळं. अशा मुलखात ही चूक घरातली आजी पहिल्या पाच सेकंदांत पकडणार.

आपण ज्याला फॉरमॅट कन्व्हर्जन म्हणून सोडून देतो, त्यात असे डझनभर निर्णय असतात. काय ठेवायचं, काय टाकायचं. हे निर्णय घेणारा माणूस बहुतेक वेळा इंजिनिअर नसायचा. फोटोग्राफी करता करता तो कॉम्प्युटरवर आलेला, इंग्रजी मेनू पाठ करून शिकलेला. त्यात त्या वर्षांतलं भारनियमन! रेंडर लावायचं ते वीज टिकेल त्या वेळी, म्हणजे बहुधा रात्री. मध्येच वीज गेली आणि यूपीएसने दम सोडला की पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून घरी जायची व्हीसीडी. तिचं चित्र ३५२ गुणिले २८८. स्टुडिओत असलेल्या चार ठिपक्यांतला एकच ठिपका घरी पोचायचा. मूळ टेपवर अनेकदा पुढचं लग्न चढायचं, कारण टेपला पैसे पडतात आणि हार्डडिस्क भरलेली असते. त्यामुळे कित्येक घरांत आज आजोबांचा हलता, बोलता चेहरा उरलाय तो त्या चौथाईतच.

क्लिपांचंही तसंच झालं. विंडोजवर एमओव्ही उघडायला अनेक एडिटिंग सॉफ्टवेअर ऍपलच्या क्विकटाइमवर अवलंबून होती. २०१६ मध्ये ऍपलने विंडोजवरच्या क्विकटाइमचा आधार काढून घेतला, आणि त्यातल्या सुरक्षेच्या भोकांमुळे ते काढून टाका, असा सल्ला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेनेही दिला. एका कंपनीने दुकान आवरलं की हजारो मैलांवरची जुनी प्रोजेक्टं उघडेनाशी होतात. सुदैवाने एफएफएमपेग आहे. फाब्रिस बेलार्डने २००० मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर तो जुना ऍनिमेशन कोडेक आजही वाचतं, अल्फासकट.

पुण्याला याची आठवण करून द्यायची गरज पडू नये. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्यात प्रभातच्या मूळ प्रतीही होत्या. ज्या चित्रपटांच्या प्रती सहज न पेटणाऱ्या फिल्मवर आधीच काढून झाल्या होत्या, ते आज आपण बघू शकतो. म्हणजे तेही डबा बदलल्यामुळेच वाचले.

तेव्हा घरात मिनीडीव्ही टेप, व्हीएचएस किंवा लग्नाची सीडी पडली असेल तर ती चालवणारं यंत्र मिळतंय तोवर उतरवून घ्या. टेप असेल तर डीव्हीची फाइल जशीच्या तशी काढा. बघायला छोटी प्रत वेगळी करा, पण मूळ टाकू नका. आणि गावाकडे ज्याने ते लग्न 'मिक्स' केलं त्याचा स्टुडिओ अजून चालू असेल, तर एकदा चक्कर मारून विचारा. एखादी टेप पुसायची राहून गेली असेलही.

डोली ठेचकाळत असेल तर असू दे. सहावी फ्रेम कुठे गेली ते आता तुम्हाला माहीत आहे.