सत्तावन्न आणि सोळा

जुलै २०२०च्या अखेरीस मुंबई महापालिकेने रक्ततपासणीच्या एका पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. दहिसर, चेंबूर आणि माटुंगा, म्हणजे पालिकेच्या भाषेत आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर, अशा तीन विभागांत ही पाहणी झाली होती. नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था तीत सहभागी होत्या. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि झोपडपट्टीबाहेरच्या १६ टक्के लोकांच्या रक्तात करोना विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, सापडल्या होत्या. तोवर साऱ्या मुंबईत नोंदले गेलेले रुग्ण होते सुमारे १ लाख १० हजार. २०११च्या जनगणनेतली मुंबईची १ कोटी २४ लाखांची वस्ती धरली, तर हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी भरते.

एकच साथ, एकच शहर, आणि मोजमापे दोन. नाकातला स्राव घेऊन केलेली चाचणी विषाणू अंगात असेतोवरच त्याला पकडते. प्रतिपिंडे तो गेल्यावरही मागे राहतात. पूर ओसरल्यावर भिंतीवर जशी पाण्याची रेघ उरते, तशी ही रक्तातली रेघ. ती पाहून पाणी कुठवर चढले होते हे सांगता येते, आणि घरमालकाला पूर आल्याचे कळलेच नसले तरीही ती तिथे असते. करोनाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरले, कारण असंख्य लोकांना लागण झाली आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

ही रेघ वाचण्याची विद्या २०२०मध्ये जन्मलेली नाही. १९३०च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या संशोधकांनी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर कुठवर पसरला होता याचे नकाशे माणसांच्या रक्तावरून तयार केले. माणसाचे सीरम आणि विषाणू एकत्र करून उंदराला टोचायचे. उंदीर जगला तर त्या माणसाला पूर्वी तो ताप येऊन गेला असावा, असा हिशेब. पुढे १९४९मध्ये येल विद्यापीठाचे जॉन पॉल आणि त्यांचे सहकारी उत्तर अलास्कातल्या एस्किमो वस्त्यांत गेले. पोलिओच्या एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे त्यांना जवळजवळ फक्त विशीपुढच्या माणसांत आढळली. तो विषाणू सुमारे वीस वर्षांपूर्वी येऊन गेला होता आणि नंतर फिरकलाच नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा तो पाहुणा रक्ताने लक्षात ठेवला होता.

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंधही तेवढाच जुना आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५२मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. भारतातल्या लोकांच्या रक्तात कोणकोणत्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, हे शोधण्याचे काम केंद्राच्या अगदी सुरुवातीचे. स्मिथबर्न, कर आणि गटणे यांचा त्यावरचा निबंध १९५४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झिका विषाणूसाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांत प्रतिपिंडे आढळल्याची नोंद आहे. मग झिका तेव्हापासून भारतात होता का? तसे खात्रीने म्हणता येत नाही. झिका हा डेंग्यूचा चुलतभाऊ. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत 'होय' म्हणू शकतात, आणि डेंग्यू तर आपल्याकडे पाचवीला पुजलेला. भारतातले झिकाचे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले पहिले रुग्ण अहमदाबादेतले, आणि त्यांची माहिती जगासमोर आली २०१७मध्ये. त्या ३३ जणांच्या रक्तात नेमके काय होते, याचा वाद अजून मिटलेला नाही.

हा जुना घोळ समजून घेतल्याखेरीज २०२०चे आकडे वाचता येत नाहीत. समजा, हजार माणसांत खरोखरची लागण दहाच जणांना झाली आहे, आणि चाचणी शंभर निरोगी माणसांमागे एकाला चुकून 'होय' म्हणते. उरलेल्या ९९० जणांत सुमारे दहा खोटे 'होय' निघतील. म्हणजे हाती आलेल्या वीसपैकी निम्मे खोटे. एप्रिल २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्यात नेमके यावरूनच रान उठले. तिथे ३,३३० जणांपैकी ५० जणांत प्रतिपिंडे सापडली होती आणि त्यावरून संसर्गाचे मोठमोठे अंदाज बांधले गेले. हे दीड टक्का चाचणीच्या चुकीतूनच आलेले नाहीत कशावरून, असे संख्याशास्त्रज्ञांनी विचारले. शिवाय माणसे फेसबुकवर जाहिरात देऊन जमवलेली. आपल्याला लागण होऊन गेली असावी अशी शंका ज्याला आहे, तोच अशा जाहिरातीकडे आधी धावणार.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मे-जून २०२०मधली देशव्यापी पाहणीही अशाच खालच्या आकड्यांच्या प्रदेशात होती. २१ राज्यांतले ७० जिल्हे, २८,००० प्रौढ माणसे, आणि चाचणीच्या चुका वजा करून उत्तर ०.७३ टक्के, खरा आकडा ०.३४ ते १.१३ टक्क्यांच्या दरम्यान असावा, अशी मर्यादा घालून दिलेली. मुंबईच्या ५७ टक्क्यांना ही अडचण नव्हती. चाचणीने शंभरात एकदा चूक केली असती, तरी तो डोंगर हलला नसता.

मुंबईच्या पाहणीचे दुसरे बळ म्हणजे शिते कशी उचलली, ते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भात ढवळलेला हवा. इथे दवाखान्यात आलेल्यांचे रक्त न घेता वस्त्यांत आणि सोसायट्यांत जाऊन, ठरवलेल्या पद्धतीने माणसे निवडून ते घेतले गेले. अपेक्षित नमुने ८,८७० होते, मिळाले ६,९३६. तूट मुख्यतः इमारतींतली. टाळेबंदीत सोसायट्यांनी फाटके लावून घेतली होती. अनोळखी माणसाला सुई घेऊन वर कोण येऊ देणार? म्हणून सोळाच्या आकड्याला सत्तावन्नाइतकी ठाम बैठक नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे शोधनिबंधात हे आकडे ५४.१ आणि १६.१ असे छापले गेले. अंतर जवळजवळ तेवढेच राहिले.

आणि माझ्या मते त्या पाहणीचा खरा शोध हे अंतर होते. तिन्ही विभागांत झोपड्या आणि इमारती एकमेकींना लागून आहेत. बाजार तोच, हवा तीच. फरक होता तो दाटीचा आणि सामायिक सोयींचा. पालिकेच्या पत्रकातही दाट वस्ती, सार्वजनिक शौचालये आणि पाण्याच्या जागा यांचा उल्लेख होता. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसांनी परस्परांपासून अंतर राखायचे कसे, हा प्रश्न मार्चपासून विचारला जात होता. जुलैत त्याचे उत्तर रक्तातून आले.

वर्तमानपत्रांतली चर्चा मात्र या अंतरावर फार थांबली नाही. तिला हवे होते ते वचन. निम्म्याहून अधिक वस्ती लागण होऊन बाहेर पडली असेल, तर साथ आता आपोआप विझेल, 'हर्ड इम्युनिटी' आलीच, असा सूर लागला. मृत्यूचे प्रमाण संसर्ग झालेल्यांच्या ०.०५ ते ०.१० टक्के इतके कमी असल्याचे पत्रकात म्हटले होते, त्यानेही दिलासा मिळाला. या गणितात छेद रक्तातून आला होता, अंश मात्र नोंदवहीतूनच. जो मृत्यू नोंदवहीत करोनाचा म्हणून चढला नाही, तो या टक्क्यात कुठेच नाही. आणि हो, धारावी या पाहणीत नव्हती. ती जी उत्तर विभागात येते. तरीही त्या दिवसांत '५७ टक्के' हा आकडा धारावीचा म्हणून सांगणारे मला बरेच भेटले.

ऑगस्टमध्ये त्याच तीन विभागांत दुसरी फेरी झाली. नमुने ५,३८४. झोपडपट्टीत ४५ टक्के, बाहेर १८ टक्के. संसर्ग होऊन गेलेल्यांची संख्या कमी कशी होईल? ती होत नाही; रेघ पुसट होते. विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची जी प्रतिपिंडे इथल्या चाचणीने शोधली जात होती, ती काही महिन्यांत उतरणीला लागतात आणि चाचणीच्या नजरेखाली जातात. दोन्ही वेळची माणसे एकच नव्हती, हेही आहेच. पण पोलिओची आठवण वीस वर्षे जपणारे रक्त करोनाच्या बाबतीत तितके भरवशाचे साक्षीदार नाही, हे या बारा टक्क्यांनी दाखवून दिले.

याची सर्वांत कडू प्रचीती ब्राझीलमधल्या मनाउस शहराला आली. तिथल्या संशोधकांनी रक्तपेढीतल्या दात्यांचे नमुने तपासले, पुसट होणाऱ्या प्रतिपिंडांचा हिशेब मांडला आणि ऑक्टोबर २०२०पर्यंत ७६ टक्के लोकांना लागण होऊन गेली असा अंदाज डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केला. जानेवारी २०२१मध्ये त्याच शहरातल्या रुग्णालयांत प्राणवायू संपला.

मुंबईत दुसरी लाट चढू लागली तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारी २०२१मधले सुमारे ९० टक्के रुग्ण इमारतींतले असल्याचे महापालिकेने सांगितले. सत्तावन्न आणि सोळा हे अंतर आठवले की यात नवल वाटत नाही. एकीकडे जळण उरले होते, दुसरीकडे कमी. तरी हे स्पष्टीकरण पुरते मानू नये. रोजंदारी बुडेल आणि घर सील होईल या धाकाने चाचणी टाळणारे वस्तीत अधिक होते, आणि जो चाचणी करत नाही तो रुग्ण ठरत नाही. मार्चमध्ये पालिकेने आणखी एक पाहणी केली. चोवीसही विभागांतले १०,१९७ नमुने घेतले, पण या वेळी दवाखान्यांत आणि खासगी प्रयोगशाळांत दुसऱ्या कारणांसाठी आलेल्या रक्तातून. झोपडपट्टीत ४१.६ टक्के, बाहेर २८.५. जुलैच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून आलेख काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण या वेळी भात ढवळलेला नव्हता.

त्यानंतर लसीकरण वाढत गेले आणि मोजणीचा अर्थच पालटला. लसही प्रतिपिंडे निर्माण करते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१च्या पाहणीत झोपडपट्टीत ८७.०२ टक्के आणि झोपडपट्टीबाहेर ८६.२२ टक्के लोकांत ती सापडली. वर्षापूर्वीचे एकेचाळीस टक्क्यांचे अंतर एका टक्क्याच्या आत आले. त्यातली किती प्रतिपिंडे आजाराने दिली आणि किती सुईने, हे त्या दोन आकड्यांत दिसत नाही.