एका अक्षराचे अंतर



‘ध चा मा’ म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते, हा वाद मी येथे काढीत नाही. पण या दोन शब्दांची ठेवण पाहा. दोन्ही तीन अक्षरांचे; शेवटची दोन अक्षरे तीच. कैद आणि मृत्यू यांच्यामध्ये अंतर काय ते एका अक्षराचे!

सारख्या लांबीचे आणि बहुतेक अक्षरे समान असलेले असे शब्द इंग्रजीत पैशाला पासरी आहेत. त्यांचा इतिहास वरवर पाहता पोरखेळाचा वाटतो. वास्तविक त्यात एका व्यापाऱ्याचे दुर्दैव आहे, आणि आपल्या रोजच्या व्यवहाराचे एक मर्मही आहे.

प्रारंभ खेळापासूनच करू. ऑक्सफर्डला गणित शिकविणारे चार्ल्स डॉजसन हे ‘लुई कॅरोल’ या टोपणनावाने मुलांच्या ओळखीचे आहेत. 1877 च्या नाताळात, करमणुकीला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्यांनी एक खेळ काढला आणि त्याला ‘डब्लेट्स’ असे नाव दिले. 1879 मध्ये तो ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात सुरू झाला. नियम साधा. सारख्या लांबीचे दोन शब्द घ्यावयाचे आणि एका वेळी एकच अक्षर बदलून पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जावयाचे. मधली प्रत्येक पायरी खरा शब्द असली पाहिजे. थंडीचा ‘कोल्ड’ घ्या. त्यातला एल काढून आर घाला, ‘कॉर्ड’ झाला. ओच्या जागी ए, ‘कार्ड’. सीच्या जागी डब्ल्यू, ‘वॉर्ड’. शेवटच्या डीच्या जागी एम, की ‘वॉर्म’! चार पायऱ्यांत थंडीची ऊब झाली. या प्रवासात अर्थाला कोणी विचारीत नाही. शब्द येथे केवळ अक्षरांची रांग आहे, आणि शब्द जितके एकमेकांजवळ, तितका खेळ रंगतो.

परंतु याच जवळिकीने आठ वर्षांनी एका माणसाचा घात केला. तारेचे पैसे शब्दागणिक पडत. म्हणून व्यापारी एकेका शब्दात अख्खे वाक्य भरून ठेवीत, आणि कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ याचा संकेतकोश दोन्ही टोकांना असे. फिलाडेल्फियाचे फ्रँक प्रिमरोझ हे लोकरीचे व्यापारी. जून 1887 मध्ये त्यांनी कॅन्ससमधील आपल्या अडत्याला तार केली. तिच्यात बी-ए-वाय, म्हणजे ‘बे’ हा शब्द होता. संकेताने त्याचा अर्थ, ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत त्याचा झाला बी-यू-वाय, म्हणजे ‘बाय’: खरेदी करा! मोर्सच्या लिपीत ए म्हणजे एक टिंब आणि एक रेघ; यू म्हणजे दोन टिंबे आणि एक रेघ. सगळा फरक एका टिंबाचा. अडत्याने इमानाने लोकर घेतली आणि धन्याला वीस हजार डॉलरांहून अधिक खोट आली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तार उलट मागवून ताडून पाहण्यासाठी निम्मा आकार जादा पडे. तो प्रिमरोझांनी भरला नव्हता. तारेच्या कागदावरची छापील अट न्यायालयाने ग्राह्य धरली आणि 1894 मध्ये त्यांच्या पदरात पडले ते तारेचे मूल्य, एक डॉलर पंधरा सेंट!

येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे आहे. साध्या भाषेत आपण रोज शेकडो शब्द चुकीचे ऐकतो आणि मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. कारण अर्थ पहारा करीत असतो. ‘जेवायला पान वाढा’ याऐवजी ‘मान वाढा’ ऐकू आले, तर कोणी मान पुढे करीत नाही. संकेतभाषेत हा पहारेकरीच उठवून लावलेला असतो. उलट प्रिमरोझांच्या तारेत ‘सर्व प्रकारची’ या शब्दांआधी ‘बे’पेक्षा ‘बाय’ अधिक शोभून दिसत होता. शहाणा शब्दच चुकीचा होता.

मग उपाय काय? अर्थाचा पहारा गेला, तर अंतराचा पहारा बसवावा. 1906 मध्ये ई. एल. बेंटली यांचा प्रसिद्ध संकेतकोश निघाला. त्यातले शब्द पाच अक्षरी. दोन शब्द जोडले की दहा अक्षरांचा एक होई आणि एकाच्या दरात जाई. अशा कोशांत पुढे दंडक रूढ झाला, की कोणतेही दोन शब्द निदान दोन अक्षरांनी वेगळे असावेत. म्हणजे एक अक्षर बिघडले, तर जो शब्द निघेल तो कोशातच नसेल, आणि चूक तत्काळ ध्यानात येईल. यासाठी शब्द मुद्दाम बनवावे लागले, कारण जिवंत भाषेत अशी ऐसपैस जागा नसते. डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञांनी 5757 पाच अक्षरी इंग्रजी शब्द घेऊन पाहिले. एक अक्षर बदलून ज्यांचा दुसरा शब्द होत नाही, असे एकलकोंडे शब्द भरले फक्त 671. त्यांत अलिप्त या अर्थाचा ‘अलूफ’ हा शब्दही आहे!

या विचाराला शास्त्राचे रूप 1950 मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी दिले. दोन सारख्या लांबीचे शब्द किती जागी वेगळे, ते त्यांचे अंतर. अंतर निदान दोन असेल, तर एक चूक कळते; तीन असेल, तर ती सुधारताही येते, कारण बिघडलेला शब्द मूळ शब्दालाच सर्वांत जवळचा राहतो. कॅरोलच्या खेळातली पायरी ती हीच. त्यांनी शब्द जवळ आणले, हॅमिंगने दूर ठेवले. मोजपट्टी मात्र एक.

आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. पण आपल्या आधार क्रमांकाचे बारा अंक पाहा. त्यांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने ठरविलेला असतो. कोठलाही एक अंक चुकला, तर तो क्रमांक खरा ठरत नाही. एका अंकाच्या चुकीने आपण दुसरे कोणी होत नाही. आकड्याला अर्थ नसतो, म्हणून त्याच्या दाराशी हा रखवालदार बसविला आहे.

‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांच्यामध्ये असा रखवालदार नव्हता. तेथे होती ती केवळ वाचणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी. अपघाताने बिघडलेले अक्षर गणित ओळखू शकते. परंतु कोणी जाणूनबुजून एक शब्द पुसून दुसरा पुरता लिहिला, तर अंतराचा पहारा काही करू शकत नाही. तेथे पुन्हा माणसालाच जागे राहावे लागते.