हुकूमशहांची ग्रामप्रीती

1959 सालच्या ऑक्टोबर महिन्यात भारतीय उपखंडात दोन घटना घडल्या. 2 तारखेला राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा आरंभ झाला; आणि महिनाअखेरीस पाकिस्तानात जनरल अयूब खान यांनी ‘मूलभूत लोकशाही’चा हुकूम काढला. दोघांच्याही तोंडी गाव आणि ग्रामस्थ हीच भाषा होती. मात्र आपल्याकडे निवडून आलेले सरकार सत्तेचा काही अंश खाली देऊ पाहत होते. तेथे वरची लोकशाही वर्षभरापूर्वीच मोडीत निघाली होती व तिच्याऐवजी खालची देऊ केली जात होती.

या योजनेत साधारण हजार वस्तीमागे एक असे 80,000 सदस्य निवडले गेले. निम्मे पूर्व पाकिस्तानातून, निम्मे पश्चिमेकडून. तळाशी युनियन कौन्सिल, तिच्यावर तहसील अथवा ठाणे, जिल्हा आणि विभाग अशी उतरंड होती. जिल्हा परिषदेचे अध्यक्षस्थान मात्र डेप्युटी कमिशनरकडे आणि विभागाचे कमिशनरकडे. म्हणजे इंग्रजांचा कलेक्टर होता तेथेच राहिला.

योजना अगदीच निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. पूर्व पाकिस्तानात कोमिल्ला येथे अख्तर हमीद खान यांनी जे प्रयोग केले, त्यांतून ग्रामीण बांधकामांचा कार्यक्रम उभा राहिला. रस्ते, नाले, बंधारे झाले. परंतु खरा हेतू फेब्रुवारी 1960 मध्येच उघड झाला होता. अयूब यांच्यावर विश्वास आहे काय, एवढाच प्रश्न या सदस्यांना विचारण्यात आला आणि सुमारे 95 टक्क्यांनी होकार दिला. 1962 च्या राज्यघटनेने तर हेच सदस्य राष्ट्राध्यक्षांचे मतदार ठरवले. जानेवारी 1965 मध्ये फातिमा जिना अयूब यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा कौल कोट्यवधी नागरिकांनी नव्हे, या 80,000 जणांनी दिला. गावच्या विकासाचा निधी ज्यांच्या मर्जीने येतो, त्यांच्याविरुद्ध मत देणे किती जणांना परवडणार? अयूब विजयी झाले. पण 1969 च्या मार्चमध्ये जनआंदोलनापुढे त्यांना पायउतार व्हावे लागले आणि त्यांच्यामागोमाग ही रचनाही कोसळली.

पुढे आणखी दोन लष्करशहांनी हाच धडा गिरवला. झिया-उल-हक यांनी 1979 मध्ये सार्वत्रिक निवडणुका पुढे ढकलल्या, पण पक्षविरहित स्थानिक निवडणुका घेतल्या. परवेझ मुशर्रफ यांनी 14 ऑगस्ट 2001 पासून नवी व्यवस्था आणली. तिने डेप्युटी कमिशनरचे पद रद्द केले, जिल्ह्याचा कारभार निवडलेल्या नाझिमकडे सोपवला आणि स्त्रियांसाठी 33 टक्के जागा राखल्या. या सुधारणा किरकोळ नव्हत्या. तरीही निवडणुका पक्षविरहितच होत्या, आणि एप्रिल 2002 मध्ये सार्वमत आलेच.

पक्ष वगळण्यामागचे कारण उघड आहे. पक्ष गावाला प्रांताशी आणि प्रांताला देशाशी जोडतो. तो दुवा तुटला की गटाराचा प्रश्न गटारापाशीच थांबतो आणि सदस्य थेट सत्ताधीशाचा आश्रित होतो.

आम्हांला अधिक अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. मुशर्रफ गेल्यावर आलेल्या लोकनियुक्त प्रांतिक सरकारांनी 2009-10 च्या सुमारास या संस्थांची मुदत सरू दिली. पंजाब व सिंधमध्ये पुन्हा निवडणुका झाल्या त्या 2015 मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने तगादा लावल्यावर. आमदाराला आपल्या मतदारसंघात दुसरा निवडून आलेला वाटेकरी नकोच असतो.

हे वाचून आपण निर्धास्त होण्याचे कारण नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. राज्यातील अन्य अनेक महापालिका व जिल्हा परिषदा यांचीही तीच गत झाली. येथे कोणी रणगाडे आणले नव्हते. लष्करशहाने दिलेली पंचायत त्याच्याच सोयीची असते, हे खरे. पण लोकनियुक्त सरकारच ती रिकामी ठेवू लागले, तर नागरिकाने दाद कोणाकडे मागावी?